ट्रकखालचं प्रॅक्टिकल

हीट ट्रान्सफरमध्ये मला ८१ मार्क होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या गोष्टीत त्या ८१ मार्कांचा फारसा उपयोग झालेला नाही.

मी कोल्हापूरचा. बी.ई. मेकॅनिकल तिथंच केलं आणि एम.एस.साठी अमेरिकेत डेट्रॉईटला आलो. मेकॅनिकलवाल्यासाठी डेट्रॉईट म्हणजे पंढरीच. पण गाड्यांच्या या शहरात स्वतःची गाडी नसेल तर तुमचं काही खरं नाही. पहिलं वर्ष मी रूममेटच्या लिफ्टवर आणि बसवर काढलं. मग उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळाली, तीही शहराच्या उत्तरेला ४५ किलोमीटरवर. सकाळी सातला हजर व्हायचं आणि त्या वेळेला तिकडे पोचवणारी बस नाही.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. गाड्यांच्या कारखान्यात आयुष्य काढून रिटायर झालेले. त्यांना त्यांचा १८ वर्षांचा पिकअप विकायचा होता. पिकअप म्हटल्यावर डोळ्यांसमोर आपला बोलेरो आणू नका. इथला पिकअप म्हणजे जवळजवळ पावणेसहा मीटरचं धूड. गिअर ऑटोमॅटिक. किंमत २८०० डॉलर. ‘गंज आहे हं, नीट बघून घे,’ असं ते स्वतःच म्हणाले होते. मी बघितलं. म्हणजे चाकांवरचा पत्रा बघितला, सीट बघितली, एसी लावून बघितला. खाली वाकून मात्र बघितलं नाही. चार वर्षं मेकॅनिकल शिकलेला माणूस आणि गाडी घेताना गाडीखाली बघत नाही!

मे महिना उजाडला. सोमवारी जॉइन व्हायचं होतं. आधीच्या बुधवारी सकाळी ट्रक मागे घेतला, तर पार्किंगमध्ये थाळीएवढा लाल डाग.

डाग कसला?

गाडीखाली काहीतरी सांडलेलं दिसलं की आधी रंग बघायचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. एसी लावला असेल तर स्वच्छ पाणी ठिबकतं, त्यात काळजी नाही. काळं किंवा तपकिरी असेल तर बहुतेक इंजिन ऑइल. हिरवं, नारिंगी, गुलाबी आणि पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट. आणि लाल, तेलकट असेल तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ते मुद्दाम लाल रंगवलेलं असतं, इंजिन ऑइलशी घोटाळा होऊ नये म्हणून. काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगलाही तेच लाल ऑइल असतं, त्यामुळे मी आधी स्वतःची समजूत घातली की हे स्टिअरिंगचंच असणार. ते स्वस्तातलं काम.

पण दोन दिवसांपासून ट्रक एक विचित्र गोष्ट करत होता. पार्किंगमधून डी टाकला की लगेच हलत नव्हता. एक-दोन सेकंद विचार करून मग दचकून निघायचा. ऑइल कमी पडल्याचंच ते लक्षण होतं. मी मात्र ‘म्हातारा झालाय बिचारा’ म्हणून सोडून दिलं होतं.

गॅरेजवाल्याने खाली वाकून, टॉर्च मारून एका मिनिटात निदान केलं. ट्रान्समिशन कूलरच्या दोन्ही लाइन गंजल्यात, एक गळतेय. बदलायचे ६४० डॉलर. माझ्या खात्यात तेव्हा ९०० होते आणि घरभाडं जायचं होतं. ‘असाच चालवला तर?’ मी विचारलं. तो हसला. ऑइल संपेपर्यंत चालेल, म्हणाला. नंतर ट्रान्समिशन उघडावं लागेल. तो खर्च ट्रकच्या किमतीपेक्षा जास्त. शिवाय गळकं ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर उडालं तर पेटूही शकतं.

लाइन म्हणजे काय, तर दोन नळ्या. नुसत्या नळ्या. घरी येऊन सुटे भाग शोधले, तर दोन्ही नळ्यांचा सेट शंभर डॉलरच्या आत मिळत होता. बाकीचे पैसे मजुरीचे. मजुरी म्हणजे हात. हात मलाही होते, फक्त त्यांना काही येत नव्हतं.

पाईपनं कशाला फिरतंय?

माझ्या मामांचं उद्यमनगरात गॅरेज आहे. टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर, सीझनमध्ये साखर कारखान्याच्या गाड्या. लहानपणी सुट्टीत मी तिथं पडीक असायचो. पण दहावीला मार्क चांगले पडले आणि मामांनी पाना माझ्या हातातून काढून घेतला. ‘तू हात काळे करू नगंस, तू इंजिनिअर हो.’ त्यानंतर मी गॅरेजमध्ये गेलो की मला खुर्ची आणि चहा मिळायचा. मी इंजिनिअर झालो. मामांकडचा पोरगा, जो माझ्याच वयाचा, तो आज आवाजावरून बेअरिंग ओळखतो.

मामांना फोन लावायला मला दीड दिवस लागला. भांडण वगैरे काही नव्हतं. ‘अमेरिकेत सगळं मस्त चाललंय’ हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की आता खरं सांगणं अवघड जात होतं.

‘मामा, गिअरबॉक्सचं ऑइल गळतंय. कूलरकडं जाणारा पाइप गंजलाय.’

‘आरं खुळ्या, गिअरबॉक्सचं ऑइल पाईपनं कशाला फिरतंय?’

प्रश्न बरोबर होता. आपल्याकडचे बहुतेक पिकअप आणि टेम्पो मॅन्युअल गिअरचे. त्यांचं ऑइल गिअरबॉक्सच्या डब्यात बसून असतं, दात त्यात बुडून फिरतात, विषय संपला. ऑटोमॅटिकचं वेगळं. तिथं इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये आपला नेहमीचा क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे ऑइलमध्ये बुडवलेत अशी कल्पना करा. एक पंखा इंजिन फिरवतं, तो ऑइल फेकतो आणि त्या ऑइलच्या जोरावर दुसरा पंखा फिरतो. म्हणजे इथं ऑइल हे नुसतं वंगण नाही, ताकद वाहून नेण्याचं कामच ते करतं. आतले छोटे छोटे क्लचही ऑइलच्या दाबानेच घट्ट होतात. आता दोन पंख्यांमध्ये घसरण आली, की घर्षण आलं, की उष्णता आली. ऑइल तापून करपलं तर क्लच जळतात. म्हणून ते एका नळीने बाहेर काढायचं, थंड करायचं आणि दुसऱ्या नळीने परत पाठवायचं.

थंड करायचं कुठे? तर रेडिएटरच्या कडेच्या टाकीत एक छोटा हीट एक्स्चेंजर बसवलेला असतो. आतून ऑइल, बाहेरून कूलंट. हे मामांना सांगताना मलाच पहिल्यांदा नीट कळत होतं. कूलंट स्वतःच नव्वद अंशांच्या आसपास असतं, पण ऑइल त्याहून गरम, म्हणून उष्णता ऑइलकडून कूलंटकडे जाते. कडाक्याच्या थंडीत गाडी सुरू केली की उलटं होतं. कूलंट आधी तापतं आणि गार पडलेल्या ऑइलला तेच ऊब देतं. थर्ड इयरला याच हीट एक्स्चेंजरवर मी लॉग मीन टेम्परेचर डिफरन्सची गणितं ढिगाने सोडवली होती. पॅरलल फ्लो, काउंटर फ्लोचं प्रॅक्टिकलही होतं. रीडिंग सीनियरच्या फाइलमधून उतरवली होती. तुम्ही असं केलं नसेल तर तुमचं अभिनंदन.

‘दाखव की,’ मामा म्हणाले. मी फोन ट्रकखाली धरला. पलीकडे दोन सेकंद शांतता.

‘ही गाडी मासळी वाहत्या व्हय?’

रत्नागिरीहून मासळी आणणारे टेम्पो मामांकडे येतात. मिठाचं, बर्फाचं पाणी चेसिसवर सतत गळतं आणि लोखंडाचे पापुद्रे सुटतात. मिशिगनचे ट्रक मासळी न वाहताही तसेच होतात. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ पसरतात. खाण्याचं नाही, खडे मीठ. डेट्रॉईट शहराच्या खालीच सुमारे ३५० मीटर खोल मिठाची खाण आहे. मिठामुळे पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, रस्ते मोकळे राहतात, अपघात टळतात. पण तेच खारं पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. ते सगळ्यात जास्त साठतं क्लिप आणि ब्रॅकेटच्या आत, जिथं नळी पकडलेली असते. बाहेरून नळी ठीक दिसते, क्लिप सरकवली की खाली चाळण.

शनिवार

अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी उघडायला परवानगी नसते. आजोबांनी त्यांच्या घरासमोरची काँक्रीटची जागा दिली. जॅक, दोन घोड्या, पान्यांचा डबाही दिला. ट्रक विकल्याचं त्यांना थोडं लागलं असावं, पण तसं ते बोलले नाहीत. त्यांचे गुडघे गेलेत, म्हणून ते खुर्ची टाकून बसले. सकाळचे आठ, म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे साडेपाच. फोन एका विटेला टेकवून ठेवला. आजोबांना ऑटोमॅटिक ट्रान्समिशन माहीत, मामांना गंज माहीत आणि मी मधे पाठीवर झोपलेला.

आधी चाकांना ठोकळे, हँडब्रेक, मग जॅक, मग चेसिसखाली घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही, कधीही, ‘एकच मिनिट’ म्हणूनसुद्धा जायचं नाही. याबाबतीत दोन्ही म्हाताऱ्यांनी, एकमेकांची भाषा न कळता, मला सेम दम दिला. घोड्यांवर टेकवल्यावर ट्रकला हाताने जोरात हलवून बघायचं. हलला नाही तरच खाली सरकायचं. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, कारण गरम ऑइल मनगटावरून बाहीत शिरतं.

मी घाईने गळकी जागा दाखवायला गेलो, तर मामांनी थांबवलं. ‘आधी पूस.’ गाडी चालताना वाऱ्याने ऑइल मागे मागे पसरतं. ओलं सगळ्यात जास्त मागे दिसतं आणि भोक असतं पुढे. सगळं पुसून कोरडं केलं, खाली पुठ्ठा टाकला, दोन मिनिटं इंजिन चालवलं. मी बाहेरूनच टॉर्च मारून बघत होतो. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात वरचा ओला ठिपका, तो खरा. गॅरेजवाला बरोबर होता, एक लाइन ब्रॅकेटपाशी गळत होती. पण दुसरीही पाझरत होती, आणि ती गंजाने नव्हे. या लाइन सबंध लोखंडी नसतात. इंजिन हलतं, रेडिएटर हलत नाही, म्हणून मधे रबरी होजचा तुकडा असतो आणि तो धातूच्या नळीवर दाबून बसवलेला असतो. ‘जेसीबीच्या हायड्रॉलिक होजला बी तसंच असतंय,’ मामा म्हणाले. ‘क्रिम्पिंगपाशीच गळतंय बघ.’ तिथंच गळत होतं.

आदल्या संध्याकाळी रूममेटने स्वस्त उपाय काढला होता. गळका भाग कापायचा, रबरी नळी घालायची, दोन क्लॅम्प आवळायचे, दहा डॉलरमध्ये काम. आजोबांनी त्याला नकार दिला. पेट्रोलची किंवा पाण्याची नळी तर अजिबात नको, गरम ट्रान्समिशन ऑइलने ती फुगते, मऊ पडते. योग्य होज वापरली तरी सरळ कापलेल्या नळीवरून दाबामुळे ती सटकू शकते, नळीच्या टोकाला उभार असावा लागतो. हायवेवर सटकली तर काही मिनिटांत सगळं ऑइल रस्त्यावर.

प्रत्यक्ष लाइन काढणं सोपं निघालं. या ट्रकला नट नव्हते, क्विक कनेक्ट होते. प्लास्टिकची टोपी मागे सरकवली की आत तारेची बारीक क्लिप दिसते. टोकदार हुकाने ती ओढून काढायची आणि नळी सरळ बाहेर. पहिली क्लिप टुणकन उडून कुठे गेली ते आजतागायत माहीत नाही. सुदैवाने नव्या लाइनबरोबर नव्या क्लिपा असतात. (तुमच्या गाडीला नट असतील तर दोन पाने लावायचे, एकाने रेडिएटरचं फिटिंग धरून ठेवायचं. नटाबरोबर फिटिंग फिरलं तर आतला कूलर तुटतो. मग कूलंट आणि ऑइल एकत्र होऊन गुलाबी रबडी होते आणि तोवर ट्रान्समिशनचीही वाट लागलेली असते.)

गळलेलं ऑइल ट्रेमध्ये धरलं आणि मोजलं. सव्वा लिटर. आकडा पुठ्ठ्यावर लिहून ठेवला, भरताना अंदाज यायला.

मग ब्रॅकेटचा बोल्ट. रात्रीच त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता. पाना लावला, जोर दिला, आणि बोल्ट सुटण्याऐवजी त्याचं डोकंच हातात आलं. तोंडावर गंजाचा भुगा. मी तसाच पडून राहिलो. दीड तास झाला होता, सोमवार डोळ्यांसमोर होता आणि कोल्हापुरात नेमका वळवाचा पाऊस सुरू झाल्याने मामांचं नेटवर्क गेलं होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू आलं. बोल्टसाठी नव्हे. आपल्याला यातलं काहीच येत नाही आणि आपण पुढच्या आठवड्यात गाड्यांचे पार्ट डिझाइन करायला जाणार आहोत, या विचाराने.

आजोबांना वरून काही दिसत नव्हतं. त्यांनी फक्त कॉफीचा मग ट्रकखाली सरकवला.

वीस मिनिटांनी मामा परत आले. तुटलेला बोल्ट बघून म्हणाले, ‘मग? मासळीच्या टेम्पोचा एक बोल्ट सरळ सुटत न्हाई. त्यो ऱ्हाऊ दे. शेजारी दुसरं भोक हाय का बघ.’ होतं. आजोबांच्या डब्यात रबर लावलेला क्लॅम्प मिळाला. नळीने सायलेन्सरला आणि चेसिसला कुठेही शिवायचं नाही, मधे बोटभर जागा हवी. घासत राहिली तर वर्षभरात पुन्हा भोक. क्लॅम्प घट्ट करून मी नळी हलवून दाखवली. ‘आता कसं,’ मामा म्हणाले.

नवी लाइन बसवताना ती आत ढकलली की टक असा आवाज यायला हवा. मग ओढून बघायची. मग प्लास्टिकची टोपी पुढे सरकवायची. चार जोडांपैकी तीन टोप्या आरामात बसल्या. चौथी बसेना. मी पक्कड लावून ती दाबून बसवली. दमलो होतो, वाजले होते दोन.

ऑइल भरणं हे घाईचं काम नाही. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, दुसरं लाल ऑइल चालत नाही. मोजलेलं सव्वा लिटर आणि आधी गळून गेलेल्याच्या अंदाजाने थोडं. ट्रक घोड्यांवरून उतरवून सपाट जागेवर घेतला, इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय ठेवून एकेक गिअर सावकाश टाकला, प्रत्येकावर काही सेकंद थांबलो, जेणेकरून नव्या नळ्या आणि कूलर भरावेत. मग इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघायची. इंजिन ऑइल बंद गाडीत बघतात, इथं बहुतेक गाड्यांत चालू आणि गरम असताना. काहींत पार्कमध्ये, काहींत न्यूट्रलमध्ये, मॅन्युअल वाचायचं. नव्या बऱ्याच गाड्यांना तर डिपस्टिकच नसते. कमी तर कमी, पण जास्तही चालत नाही. जास्त झालं की आत घुसळून फेस होतो आणि फेसाने दाब धरला जात नाही.

डी टाकला. ट्रक लगेच हलला. आजोबांनी टाळी वाजवली. कोल्हापुरात रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. मामा पंख्याखाली बनियनवर बसले होते, मामी मागून ‘झोपा की आता’ म्हणत होती.

पुठ्ठ्यावरचा थेंब

रात्री ट्रकखाली नवा पुठ्ठा टाकून ठेवला. रविवारी सकाळी त्यावर रुपयाएवढा लाल ठिपका. पोटात खड्डा पडला. मामांना फोन लावला नाही. स्वतःच आजोबांकडे ट्रक नेऊन पुन्हा घोड्यांवर चढवला आणि सरळ त्या चौथ्या जोडाकडे गेलो. मला माहीत होतं. टोपी बसत नव्हती, कारण नळी पुरती आत गेलीच नव्हती आणि क्लिप तिरकी होती. टोपी बसणं हीच तर खूण, जोड नीट लागलाय याची. मी ती खूणच पकडीने दाबून टाकली होती. क्लिप काढली, नळी सरळ धरून ढकलली. टक. टोपी बोटाने बसली.

खाली होतो तेव्हा आजोबा म्हणाले, ब्रेकच्या नळीवरही टॉर्च मार. तीही लोखंडी, तिनेही तेच मीठ खाल्लेलं. वरवरचा गंज होता, कुठे ओल नव्हती. त्यांनी इंजिन चालू करून ब्रेक जोरात दाबून धरला, मी बाहेरून सगळी लांबी तपासली. टिकली. पण तिच्यावर आता मी हात चालवणार नव्हतो. ब्रेक हा शिकण्याचा विषय नाही. पहिला पगार झाला तेव्हा ते काम गॅरेजला दिलं. मजुरी जास्त वाटली नाही.

जुनं ऑइल डब्यात भरून पार्ट्सच्या दुकानात दिलं, ते फुकट घेतात. आजोबांच्या काँक्रीटवर सांडलेलं शोषून घ्यायला मांजरांसाठी मिळणारी माती पसरली आणि झाडून काढली. डाग थोडा राहिलाच. आजोबा म्हणाले, राहू दे, आधीचे बरेच आहेत.

सोमवारी सहाला निघालो. ४५ किलोमीटर. पोचल्यावर सगळ्यात आधी पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून खाली बघितलं. बाजूला गाडी लावणाऱ्या बाईंनी विचारलं, काही हरवलं का? कोरडं होतं.

त्या रात्री मामांना सगळं सांगितलं, चौथ्या जोडासकट. मामा पोटभर हसले. मग म्हणाले, ‘ती जुनी नळी टाकलीस काय?’ नाही, म्हटलं. ‘टाकू नगंस. आपल्याकडं बी आता ऑटोमॅटिक गाड्या यायला लागल्यात. परवा एक आल्ती, मी हात न लावता माघारी पाठवली. येताना घेऊन ये, क्रिम्पिंग कापून बघू.’

वीतभर तुकडा कापून, धुऊन, पुसून पिशवीत बांधून ठेवलाय. डिसेंबरचं तिकीट काढलंय.